फोरमनची जागा

आमच्या घरमालकांकडे एक कुत्र्याचा शर्ट होता. कुत्र्यानं घालायचा नव्हे, कुत्र्याला हात लावायच्या वेळी त्यांनी स्वतः घालायचा. निळा, पूर्ण बाह्यांचा, कॉलर उसवलेला. त्यांच्या पिकअपच्या मागच्या ताडपत्रीच्या हुडात एका हुकाला तो बाराही महिने टांगलेला असे. कुत्र्याला गाडीत चढवायचं तर आधी अंगातला पांढरा कुर्ता काढायचा, घडी करून पुढच्या सीटवर ठेवायचा, मग तो निळा शर्ट चढवायचा आणि मग कुत्र्याला उचलायचं. उतरवताना पुन्हा तेच. दिवसभरात दहा ठिकाणी गाडी थांबली तर हा कारभार दहा वेळा चालायचा, आणि शेजारी बसलेल्या माणसानं कुर्त्याची घडी मोडणार नाही एवढं सांभाळायचं. तो शेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा मी असायचो.

मी पांढरकवड्याला कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली होती. माझं घर बोरी अरबला, लग्न व्हायचं होतं, रविवारी करायला काही नसायचं. खाली त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी जळल्या की त्या काढून आणायच्या, आत तांब्याची नवी तार भरायची आणि पुन्हा नेऊन सोडायच्या, हा धंदा. साठी ओलांडलेला, अंगानं काटकुळा माणूस. चष्म्याची दांडी कधीतरी मोडली होती ती तांब्याच्याच तारेनं बांधलेली. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचा म्हणायला लागलो. ते मला बाबू म्हणायचे. त्यात माया किती आणि चेष्टा किती हे मला नीटसं कधी कळलं नाही.

कुत्र्याचं नाव फोरमन. नावाचा खुलासा चाचा असा करत: "समदे काम करते अन् हा बसून पायते. मंग फोरमनच झाला ना." तो मिळाला राजूरला. कोळशाच्या खाणीच्या बाजूला एका वावरात मोटार सोडायला गेले होते, परत येऊन बघतात तर गाडीत एक काळं कुत्रं बसलेलं. हाकललं तर उतरेना. चाचांना काळी जनावरं आवडायची, म्हणून घरी आणून धुतलं, तर कोळशाची धूळ निघून गेली आणि खालून पिवळं कुत्रं निघालं. चाची दारातून म्हणाल्या, "ये तो दूसराच निकला." पण तोवर त्यानं भाकर खाल्ली होती, आता परत कसं पाठवणार.

त्याला काम होतं तसं. गाडीत तांब्याच्या तारेची बंडलं असायची, आणि आमच्याकडे तांबं कोणी डोळ्यांदेखत सोडत नाही. फोरमन मागं असला की गाडीला कोणी हात लावत नसे. पण हे कारण चाचा दुसऱ्यांना सांगायचे. खरं असं होतं की तो घरी राहतच नव्हता. गाडी निघाली की उमरीच्या फाट्यापर्यंत मागं पळत यायचा.

कुत्र्याला पुढं केबिनमध्ये घेणं शक्य नव्हतं. चाचा पाच वेळचे नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की तो कपडा धुतल्याशिवाय नमाजाला चालत नाही. म्हणून तो शर्ट, म्हणून ती मागची जागा. मला वाटायचं त्यांना कुत्र्याची किळस येते. एकदा मी जरा टोचूनच विचारलं, "चाचा, इतकं सोवळं आहे तर पाळलं कशाला?"

त्यांनी चष्मा वर केला. "थुका लागला त धुवा लागते, थे माह्यं हाय. गरमी त्याले लागते, थेही माह्यंच हाय. यात त्याचा काय कसूर? त्याले पुढं बसवता येत नाई, मंग मागचं पुढच्यापेक्षा खराब कायले ठेवू?"

या एका वाक्यापायी त्या पिकअपच्या मागच्या भागात जे जे झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि काही पाठीनं सोसलं आहे.

सुरुवातीला नुसता उघडा पत्रा होता, त्यावर पोतं. ब्रेक लागला की पोतं आणि पोत्यासकट कुत्रं समोर येऊन केबिनवर आदळायचं. आणि आमच्याकडच्या एप्रिलमध्ये उघडा पत्रा म्हणजे तवाच. म्हणून चाचांनी लोखंडी कमानी लावून वर ताडपत्री ताणली, तिला सगळे हूड म्हणतात. ताडपत्रीखाली सावली झाली, पण पत्रा खालून तापायचा, कारण डाव्या बाजूनं सायलेन्सर जातो. मग चाचांनी गादी केली. आपल्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा. चांगली जाड, ताज्या कापसाची. फोरमननं ती करंजी यायच्या आत फाडली आणि आम्ही कापूस उडवत मारेगावातून गेलो, लोक बघत राहिले. चाचा चिडले नाहीत. म्हणाले, "गरम होत असन त्याले. आपण मे महिन्यात गादीवर झोपतो काय?"

शेवटी टिकली ती लाकडी पाट्यांची घडवंची. पत्र्यापासून चार बोटं वर, म्हणजे खालून वारा खेळावा. वर जुनी सतरंजी, चारी कोपऱ्यांत खिळ्यांनी ताणलेली, म्हणजे घसरू नये. गळ्यात पट्टा बांधायचा नाही, कुत्र्यानं उडी मारली तर फास बसतो. म्हणून बाजेच्या नवारीचा छातीला बांधायचा पट्टा त्यांनी स्वतः शिवला. पाण्याला ट्रकचं जुनं ब्रेक ड्रम. जड असतं, कलंडत नाही.

घडवंची कुठं ठेवायची यावर मात्र माझे तीन रविवार गेले. चाचांनी स्टीलचे सहा गिलास काठोकाठ पाण्यानं भरले, मागच्या भागात सहा ठिकाणी ठेवले आणि मला त्यांच्यामध्ये बसवलं. स्वतः गाडी हाकली. दर मैलाला थांबून कुठल्या गिलासातलं पाणी किती सांडलं हे मी सांगायचं. मी पदवीधर माणूस, सरकारी नोकर, आणि केळापूरच्या रस्त्यानं ताडपत्रीखाली ओली पँट घेऊन गिलास मोजतो आहे. वाटेत आमच्या कचेरीतले एक साहेब मोटारसायकलवर भेटले. त्यांनी विचारलं, "काय करून राह्यले?" मी म्हणालो, "काही नाही साहेब, असंच." निकाल असा लागला की मागच्या चाकांच्या वर सगळ्यात जास्त सांडतं आणि केबिनला टेकून, उजवीकडे, सगळ्यात कमी. घडवंची तिथं बसली. त्यानंतरही पहिले आठ दिवस चाचा रोज स्वतः तिच्यावर बसून बघायचे. म्हणायचे, "ज्याले बसवाचं, थ्याच्या जागी आधी आपण बसावं. बाहेरून काई समजत नाई."

उन्हाळ्यासाठी त्यांनी वेगळीच शक्कल काढली. हूड केबिनपेक्षा हातभर उंच होता, त्या उंचीत समोर एक झरोका होता. त्या झरोक्यात त्यांनी कूलरची वाळ्याची ताटी बसवली आणि वर पाण्याचा डबा, थेंब थेंब गळणारा. गाडी चालली की समोरचा वारा ओल्या ताटीतून आत. पुढं आम्ही दोघं घामानं निथळायचो आणि मागं फोरमन वाळ्याच्या वासात बसलेला. मी एकदा म्हणालो, चाचा, मीच मागं बसतो. ते म्हणाले, "बस ना. शर्ट घाल."

पण कूलर चालायचा तो गाडी चालेपर्यंत. गाडी थांबली की पाच मिनिटांत आत भट्टी. म्हणून त्यांचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता: गाडी थांबली की आधी कुत्रं खाली, मग माणसं. एकदा वणीकडच्या एका वावरात शेतकरी घायकुतीला आलेला, मिरचीला पाणी नाही, मोटार बंद. आम्ही पोचलो तर चाचा कुर्ता काढताहेत, शर्ट घालताहेत, कुत्र्याला लिंबाखाली नेऊन बांधताहेत, पाणी दाखवताहेत. शेतकरी वैतागून म्हणाला, "चाचा, आधी मोटर पाहा ना बाप्पा."

चाचा न वळता म्हणाले, "तुही मोटर त जळून गेली, भाऊ. हा अजून जळाचा हाय."

आणि घंटी. ती सांगायची राहिली. केबिनमध्ये आरशाशेजारी बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी टांगली होती, तिची दोरी मागच्या हुडात गेलेली. मोटार धरायला मागं माणूस बसवला की त्यानं काही झालं तर दोरी ओढायची. एकदा ओढली तर हळू, दोनदा ओढली तर थांब. चाचांचं म्हणणं असं की पुढं बसलेल्याला मागचं काही दिसत नाही, तेव्हा मागच्याच्या हातात काहीतरी पाहिजे. कुत्र्याला दोरी ओढता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. म्हणून ते दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून त्याला बघून यायचे. नांदेपेऱ्याला थांब, बघ. मारेगावला थांब, बघ. एक तासाचा रस्ता दोन तासांचा.

आता माझ्याकडे येतो.

दिवाळी झाली, थंडी सुरू झाली. समोरच्या झरोक्यातून गार वारा आणि रस्त्याची धूळ आत यायची, फोरमन सतत शिंकायचा. मी शहाणपणानं म्हणालो, "चाचा, समोरून प्लायवूड ठोकून बंदच करून टाका ना. मागचा पडदा गुंडाळून ठेवला तर मागून हवा येते की." चाचांना पटलं. त्यांनी ताटी काढली, झरोका प्लायवूडनं बंद केला, कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, दोरीपुरतं भोक ठेवलं. आत धुळीचा कण येईना. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या दिवसापासून फोरमन झोपायला लागला. आधी तो पूर्ण रस्ताभर बसून मागं पळणारी झाडं बघायचा, ट्रक आला की भुंकायचा. आता गाडी निघाली की वीस मिनिटांत डोकं टेकायचा, मध्ये थांबून बघितलं तरी उठायचा नाही, थेट मुक्कामाला उठवावा लागायचा. लोक म्हणायचे, चाचा, एसी डबा केला तुम्ही कुत्र्याले. मीही म्हणालो, फोरमन रिटायर झाला. ढोरांच्या डॉक्टरांनी तपासलं, वय झालं म्हणाले, काळजी करू नका.

चाचा मात्र रोज सकाळी तोच प्रश्न विचारायचे. "हा झोपते कायले?"

"आराम वाटतो म्हणून झोपतो, चाचा."

"घरी काहून नाई झोपत मंग दिवसा?"

"घरी घडवंची कुठं आहे?"

"गप हाय म्हणजे बरा हाय असं नसते, बाबू." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मला त्याचा कंटाळा आला होता. कुत्रं आजारी पडावं अशी ह्यांची इच्छाच आहे की काय, असंही एकदा मनात आलं.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. गाडीची किल्ली हातात दिली. गाडी मी त्यांच्याकडेच शिकलो होतो. म्हणाले, "तू चालव. म्या मागं बसतो त्याच्यासंगं. राजूरपर्यंत. मदात थांबाचं नाई. थो जसा जाते तसा जाईन म्या."

"अहो चाचा, काय हे. तुमची पाठ."

"माह्या पाठीले घडवंची हाय."

निळा शर्ट घालून ते हुडात चढले आणि फोरमनच्या शेजारी, मध्ये वीतभर अंतर ठेवून, आडवे झाले. मी मागची फळी लावली, पडदा वर गुंडाळला आणि निघालो.

गाव सुटायच्या आत पहिली घंटी. एकदा. मी हळू केली. मग पुन्हा. मग दोनदा, थांबलो, उतरून मागं गेलो तर म्हणाले, "समोरच्या गड्ड्याशी तुही काय दुश्मनी हाय काय?" करंजीपर्यंत पाच वेळा वाजली. एकदा तर फक्त हे सांगायला की गिअर लवकर टाकतो. मी मनात म्हणालो, कुत्रं बरं होतं. करंजीला वळलो आणि मग घंटी बंद झाली. मला हायसं वाटलं. रस्ताही बरा होता. ऊन कोवळं, दोन्हीकडे तुरी कापणीला आलेल्या. मी खिडकीवर कोपर टेकवून गाणं गुणगुणायला लागलो, इतका मी खूष होतो.

मारेगाव मागं पडलं तेव्हा एक गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं. मी वाट पाहिली, आता वाजेल, आता शिव्या ऐकायला मागं जावं लागेल. घंटी वाजली नाही. पुढं शंभर पावलं गेलो तरी नाही. इतका मोठा धक्का, आणि हा माणूस गप्प.

तेव्हा मला ते वाक्य आठवलं. ज्याचा कंटाळा आला होता तेच. मी गाडी रस्त्याच्या खाली घातली आणि धावत मागं गेलो.

चाचा कुशीवर पडले होते. तोंडातून फेस नव्हे, पण ओकारी झालेली. चेहरा लालसर, डोळे अर्धे उघडे. दोरी हातात होती, मूठ सैल. फोरमनचं डोकं त्यांच्या पोटावर होतं आणि ते वीतभर अंतर कुठंच नव्हतं. आत डिझेलचा वास असा कोंडला होता की मला खोकला आला. त्यांना ओढून काढताना मी काय काय बडबडत होतो मला आठवत नाही. एका बैलगाडीवाल्यानं मदत केली. रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर झोपवलं, तोंडावर पाणी मारलं. फोरमनला मी खाली ठेवला तर तो चार पावलं चालला आणि बसला.

मारेगावच्या दवाखान्यात चाचांना तीन तास ऑक्सिजन लावून ठेवलं. मी बाकड्यावर बसून होतो. चाचीला काय तोंड दाखवू, या माणसाला मी माझ्या शहाणपणानं मारलं, दुसरं काही सुचत नव्हतं. तोंडावरचा मास्क काढून ते पहिलं बोलले ते हे: "फोरमनले उन्हात त नाई बांधलं?"

नाही म्हणालो. लिंबाखाली आहे म्हणालो. मग मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"रडून कायले राह्यला? समजलं ना आपल्याले, थो काहून झोपत होता थे."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी हुडात उदबत्ती लावली, मला गाडी अंगणासमोरच्या रस्त्यावर चालवायला लावली आणि स्वतः मागून एकाच्या मोटारसायकलवर बसून धूर कुठं जातो ते बघत आले. धूर मागून बाहेर जायचा सोडून आत, केबिनकडे जात होता. आपल्याला वाटतं चालत्या गाडीत हवा पुढून मागं जाते. पण समोरचं बंद आणि मागचं उघडं असलं की गाडीमागची हवाच आत ओढली जाते, आणि तिच्यासोबत सायलेन्सरचा धूर. चाचांनी सगळा जन्म मोटारींत काढला, पण विजेच्या. धूर त्यांच्या धंद्यात नव्हता. "मले तांबं समजते," ते म्हणाले. "धूर नाई समजला." माझं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मीच म्हणालो, चाचा, बंद करा असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "ठोकलं त म्याच ना."

झरोका उघडला, आत जाळी लावली, सायलेन्सरचा पाइप लांबवून बाजूला काढला. फोरमन पहिल्याच दिवशी उमरीच्या फाट्यावर ट्रकला भुंकला. पण चाचा तेवढ्यावर थांबले नाहीत. कापूस वेचायला बाया नेणाऱ्या हूडवाल्या गाड्या आमच्या भागात किती. थंडीत समोरची ताडपत्री घट्ट बांधलेली, आत वीस बाया एकमेकींवर रेललेल्या. चाचा अशी गाडी दिसली की आडवी गाडी घालायचे. खाली उतरून आधी मागं बघायचे, मग ड्रायव्हरला विचारायचे, "ह्या झोपल्या कायले?" तो म्हणायचा, थकल्या, चाचा. चाचा खिशातली कात्री काढून समोरच्या ताडपत्रीची दोरी कापायचे. दोन वेळा मार खाता खाता वाचले. ह्या वयात बैताडला म्हातारा, येड लागलं, असं लोक म्हणायला लागले. पण पुढच्या हंगामात मी मोजल्या नाहीत तरी दिसत होतं, बऱ्याच गाड्या समोरून उघड्या होत्या.

यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी त्याच गावात घर बांधलं. चाची गेल्या. चाचांचा मुलगा नागपूरला चांगल्या नोकरीत, चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. तो बापाला न्यायला आला. चाचा काही ठरवेनात, माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "जा ना चाचा. पोरगा एवढा बोलावून राह्यला. आराम होईल." पुन्हा माझाच सल्ला. सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं, म्हणून फोरमन माझ्याकडे राहिला, आणि पिकअपची किल्लीही. आठवड्यातून एकदा चालवत जाय म्हणाले.

सुरुवातीला रोज फोन यायचा. कुत्र्यानं काय खाल्लं, गाडी कुठं लावली, तिच्यावर ऊन येते काय. मग आठवड्याला. मग मीच करायचो, आणि ते "बरा हाय" म्हणून फोन मुलाकडे द्यायचे. डिसेंबरात मुलगा मला म्हणाला, "तुम्ही उगीच काळजी करता. अब्बा एकदम शांत आहेत. काही मागत नाहीत, काही बोलत नाहीत. कसलीच तक्रार नाही."

मी फोन ठेवला. बायकोला म्हणालो, उद्या मी नागपूरला जातो. तिनं विचारलं, काही झालं का? मी म्हणालो, काहीच झालं नाही म्हणून जातो.

पिकअप घेऊनच गेलो, फोरमन मागं. आता तो खरंच म्हातारा झाला होता. खाली गेटजवळच्या झाडाखाली त्याला बांधलं, पाणी ठेवलं, चौकीदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि वर गेलो.

मुलानं बापाला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली होती, हे मी आधी सांगतो. जाड मॅट्रेस, एसी, भिंतीवर टीव्ही, खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून बंद काचा. चाचा पलंगावर बसले होते. कुर्ता इस्त्रीचा. चष्म्याला नवी फ्रेम, तांब्याची तार गेलेली. मला ओळखलं, हसले. पाठ कशी आहे? बरी हाय. जेवण? बरं हाय. झोप? "येते ना. दिवसाही येते." मुलगा म्हणाला, "बघा."

दिवसाही येते, हे ऐकलं आणि मला त्या मारेगावच्या रस्त्यावरच्यासारखी भीती वाटली. मी म्हणालो, "चाचा, जरा सरका." चपला काढल्या आणि त्यांच्या जागी, त्यांच्या उशीवर डोकं ठेवून आडवा झालो. सूनबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. मुलगा अवघडून हसला. मी पडून राहिलो. समोर कपाटाचं दार दिसत होतं. बाजूला काच, काचेपलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. एसीचा आवाज. रस्त्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. गादी फारच चांगली होती. पाच मिनिटांत माझे डोळे जड झाले.

मी तसाच पडल्या पडल्या विचारलं, "चाचा, काय नाई इथं?"

"समदं हाय, बाबू."

मी उठलो नाही. मग हात पाठीमागं नेऊन त्यांनी पलंगाच्या उशाच्या फळीवर चाचपल्यासारखं केलं. "दोरी नाई," ते म्हणाले.

मुलगा पटकन म्हणाला, "कसली दोरी, अब्बा? कपडे वाळवायला? सांगायचं ना, आत्ता आणतो." त्याचा आवाज असा होता की मला त्याचीही दया आली. आणायला तो खरंच निघाला होता.

मी त्याला बसवलं, घंटीची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता आणि बापाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, बोलत नाहीत म्हणजे रमले."

चाचांना पांढरकवड्याला न्यायचं ठरलं. उन्हाळ्यापर्यंत तरी, मग बघू, असं मुलगा म्हणाला आणि त्यांची औषधं पिशवीत भरताना दोनदा मोजली. खाली आलो. फोरमनला आता नीट दिसत नव्हतं, पण वास आला असावा. उठला, चालत आला आणि त्या इस्त्रीच्या कुर्त्याला नाक लावलं. चाचांनी मागं पाऊल घेतलं नाही. ओल्या डागाकडे बघून म्हणाले, "धुवा लागन आता हा." इतकं खुशीत त्यांनी गेल्या सहा महिन्यांत काही म्हटलं नसेल.

मुलगा गेटवर उभा होता म्हणून ते पुढं माझ्या शेजारी बसले. बुटीबोरी ओलांडली तशी म्हणाले, थांबव. उतरून मागं गेले. निळा शर्ट हुकालाच होता, मी कधी काढला नव्हता. कुर्ता उतरवून घडी केला, माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला, शर्ट घातला आणि मागं चढून घडवंचीवर फोरमनजवळ बसले. समोरच्या झरोक्यात बोटं घालून हवा येते का ते बघितलं. मग दोरी हातात घेतली.

जामच्या अलीकडे पहिली घंटी वाजली. एकदा. मी हळू केली. हिंगणघाटला पुन्हा, गिअरवरून. वडनेरच्या पुढं पुन्हा. मी समोर बघून गाडी चालवत होतो आणि डोळे पुसत होतो, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, अजून वाजव. वडकीला दोनदा वाजली. मी गाडी बाजूला घेऊन मागं गेलो आणि विचारलं, काय झालं चाचा?

"काई नाई," ते म्हणाले. "चाय पिऊ."

मी फळी उघडली. आधी कुत्र्याला उतरवलं, मग त्यांना.